लाल झाकणाचा डबा

मला अक्षरओळख पत्रकांवरून झाली. बाबा झाडांसाठी, विहिरींसाठी, गावांसाठी सभा घेत फिरायचे आणि आमच्या घरात पलंगाखाली कागदांचे गठ्ठे असायचे. त्यांचा नियम एकच: जे म्हणायचं ते उघड म्हणायचं आणि खाली आपलं नाव घालायचं.

वसई पूर्वेच्या आमच्या सोसायटीत ओला कचरा वेगळा द्यायचं ठरलं, तेव्हा पत्रक अर्थातच मी लिहिलं. ‘भाजीच्या देठापासून माशाच्या काट्यापर्यंत, जे कुजतं ते सगळं हिरव्या डब्यात.’ खाली माझं नाव. भुईगावच्या एका वाडीवाल्याचा टेम्पो सकाळी फाटकाशी येणार, ओलं घेऊन जाणार, खत करणार आणि त्यातलं थोडं आमच्या बागेसाठी परत देणार. मी प्रत्येक दार वाजवलं. लोकांनी चक्क ऐकलं. हिरवे डबे दाराशी दिसायला लागले आणि मी हवेत होते.

मग एका सकाळी लिफ्टमध्ये नवीन कागद दिसला. वाक्य माझंच, पण शेपूट कापलेलं: ‘भाजीच्या देठापासून फळांच्या सालीपर्यंत.’ त्याखाली, ‘मांसाहारी घरांनी लाल झाकणाचा डबा वेगळा ठेवावा.’ आणि सर्वांत खाली माझं नाव, जसंच्या तसं. लिफ्ट वर जाऊन परत खाली आली तरी मी आतच उभी होते.

मी कागद फाडून सेक्रेटरीकाकांकडे गेले.

“काका, हे काय आहे?”

“अगं, खत परत कुठे येणार? आपल्याच बागेत. तिथे तुळस आहे. मासळीचं खत तुळशीला घालू?”

“टेम्पोत सगळं एकाच ढिगात पडतं.”

“टेम्पोत काय होतं ते त्यांचं ते बघतील. आपला जिना आपण बघायचा.” ते हसले. “आणि वेगळं करा, वेगळं करा म्हणून ओरडत कोण होतं? केलं वेगळं.”

मी कचरा वेगळा करायला सांगितला होता, त्यांनी दारं वेगळी केली होती. आठवडाभरात कोणत्या घरात काय शिजतं ते जिना चढणाऱ्या कुणालाही कळायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या काकू आईला म्हणाल्या, “काल पापलेट का हो? तुमच्या डब्यानंच सांगितलं.” आई खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली. तिच्या माहेरी माशाचं धुवण केळीच्या बुंध्याला जायचं, आणि केळीनं कधी तक्रार केली नव्हती. ती म्हणाली, “पापलेट नाय, बोंबील. डब्याला नीट सांगता येत नाय वाटतं.”

आईला हे परवडत होतं. घर आमचं होतं. समोरच्या ताईचं नव्हतं.

ही ताई तळकोकणातली, नवरा जहाजावर, मुलगी दहावीला. शाळा जवळ हवी म्हणून तिनं ही जागा भाड्यानं घेतली होती, आणि मालकाची अट होती: फक्त शाकाहारी. तिनं मान डोलावली होती. मासे ती खिडक्या लावून करायची आणि काटे वर्तमानपत्रात गुंडाळून बाकीच्या कचऱ्यात टाकायची. आता कचरा उघडा झाला होता. लाल डबा ठेवावा, तर मालकाला कळणार. न ठेवावा, तर काटे जाणार कुठे?

मी तिला म्हटलं, “ताई, मी याच्यावर पत्रक काढते. अट बेकायदा आहे की नाही ते बघू.”

ती घाबरली. “नको गं बाय. तू पत्रक काढशील, आणि मी परीक्षेच्या तोंडावर घर शोधत फिरू?”

मी पत्रक काढलं नाही. लढाईत उतरायला कुणी मला नको म्हणेल, असं तोवर मला वाटलंच नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी टेम्पो आला तेव्हा सेक्रेटरीकाका काठी घेऊन फाटकाशी उभे होते. एकेक हिरवा डबा ढवळून बघत होते. ताईच्या डब्यात वर केळ्याच्या साली होत्या. काठी आत गेली आणि तिच्या टोकाला कोळंबीची सालं चिकटून आली.

“हे काय?” काका म्हणाले. “मालकाला फोन लावू का?”

ताईच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तेवढ्यात माझ्या मागून आई पुढे झाली.

“माझी हायेत ती. आमचा डबा भरलेला, म्हनून तिच्यात टाकली. तिला माहीतसुदीक नाय.”

मी आईकडे बघतच राहिले. आमचा लाल डबा तिच्या पायाशी होता, अर्धा रिकामा.

काकांनीही तो बघितला. मग ते आईला सोडून माझ्याकडे वळले. “तू सांग. तू खोटं बोलायची नाहीस. नाव घालून लिहिणारी मुलगी तू. कुणाची सालं?”

टेम्पोचं इंजिन चालू होतं. ताई जमिनीकडे बघत होती.

“आमचीच,” मी म्हटलं. “मीच टाकली. रात्री अळूची पातवडी केली होती.”

पातवडीत कोळंबी नसते. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, काकांनाही. ते काठी झटकून पुढच्या डब्याकडे गेले. फोन झाला नाही. मला माझीच भीती वाटली. खोटं बोलले म्हणून नाही. ते इतकं सहज आलं म्हणून.

त्या दिवसापासून ताईचे काटे आमच्या डब्यात येतात. मुलीची परीक्षा त्याच घरातून झाली. पण जिन्यात भेटली की ताई आपणहून, कुणी विचारलेलं नसताना, आईला हळूच सांगते, “आज काही नाही हां काकी, नुसती वांगी आहेत.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गंमत करते आहे. मी हसले. ती हसली नाही. उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि आईनं “बरं” म्हटल्यावरच आत गेली.