घंटा वाजताना वाहणारा नळ

लग्न होऊन जानेफळहून खामगावाबाहेरच्या नव्या वस्तीत आले, तेव्हा मला एकाच गोष्टीचा गर्व होता: माझ्या हातचं वरण. माहेरच्या पाण्यात तुरीची डाळ अशी शिजायची की घोटावीसुद्धा लागत नसे. सासरी पहिल्या दिवशी डाळ चढवली, सकाळभर जाळ घातला, आणि पळीत घेऊन पाहते तर दाणे टणक! मी हबकलेच.

घरात आम्ही तिघंच. यजमान अमरावतीला शिकत होते. सासरे, मामाजी, कचेरीत कारकून. नागपूरचा साहेब तपासणीला येणार म्हटलं की त्यांची भूक मरायची. एरवी वरणावर भारी जीव. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. त्यांच्या वरणाची वस्तीभर तारीफ होती. त्यांनी स्वयंपाकघर माझ्या हाती दिलं आणि एकच नेम सांगितला: स्वयंपाकाला पाणी विहिरीचंच.

परसात नळ होता, तलावाच्या पाण्याचा. पण एकदा तो गळायला लागला, मिस्त्रीनं तोटी उघडली, आणि आतली चामड्याची चकती मामाजींच्या नजरेस पडली. त्या दिवसापासून नळाला चामड्याचा विटाळ, तो फक्त कपड्यांना आणि गाईला. ज्या विहिरीचं पाणी आम्ही प्यायचो तिच्यावर शेजारच्या मळ्याची मोट चालायची. ती काय रेशमाची होती? पण ते चालायचं.

सहा महिने मी त्या डाळीशी झगडले. रात्रभर भिजवली, तुपाचा थेंब सोडला. पापडखार टाकला तर मामाजींनी पहिल्याच घासाला ओळखून ताट सरकवलं. पातेल्याच्या बुडाला पांढरी खपली धरायची, ती मी नारळाच्या शेंडीनं खरवडत बसायचे. नळावर साबणाला भसाभस फेस येतो आणि विहिरीच्या पाण्यात त्याच्या गुठळ्या होतात, हे रोज डोळ्यांनी पाहत होते. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही, इतकी मी शहाणी!

कारण एकच होतं. महिन्याचे चार दिवस मी बाजूला बसले की आत्याबाई रांधायच्या, आणि त्यांची डाळ लोण्यासारखी व्हायची. मामाजी जेवता जेवता मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "तेच पातेलं, तीच डाळ, तेच पाणी. मंग इच्याच हातानं काऊन शिजत नाही?" आत्याबाई खाली मान घालून वाढत राहायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या माझ्यासाठी वाईट वाटून गप्प आहेत.

शेवटी मामाजींनी माझ्या वडिलांना पत्र घातलं: मुलीचा हात या घराला लाभत नाही, येऊन घेऊन जा. नेलेली मुलगी परत येत नसते, हे मला सांगायची गरज नव्हती.

वडील यायचे त्याच आठवड्यात मी बाजूला बसले. परसातल्या पडवीत ऊन आलं म्हणून गाईच्या गोठ्याआड सरकले होते. आत मामाजींची पूजा चालली होती. घंटा वाजू लागली, आणि मागचं दार हळूच उघडलं. आत्याबाई आल्या. हातात स्वयंपाकघरातली पितळी कळशी. त्यांनी ती नळाखाली धरली, तोटी पूर्ण सोडली, आणि घंटा थांबायच्या आत भरून उचलली.

वळताना त्यांनी मला पाहिलं.

"त्याहिले सांगू नको," त्या कशाबशा म्हणाल्या. "माह्या हातचं पाणीबी घेणार नाहीत ते."

"अन् माह्यं काय, आत्याबाई? मले तं घरातूनच काढून राह्यले."

त्या कळशी घेऊन आत गेल्या. मला भयंकर संताप आला. म्हणजे सहा महिने ही बाई सगळं जाणून होती! विहिरीच्या पाण्यातच डाळ शिजत नाही हे या घरात तिला एकटीला ठाऊक होतं, आणि ती मान खाली घालून वाढत होती.

पाचव्या दिवशी मी न्हाऊन चुलीपुढे बसले. वडील ओसरीवर आले होते, माझी पेटी दोरीनं बांधून दाराशी ठेवली होती. देवघरात घंटा वाजली. थोड्या वेळानं आत्याबाई आल्या, भरलेली कळशी माझ्यासमोर ठेवली आणि निघून गेल्या.

त्या दिवशी डाळ घोटावी लागली नाही. मामाजींनी पहिला घास घेतला, थांबले, पुन्हा वरण मागितलं. मग वडिलांना म्हणाले, "सासूच्या हाताखाली शिकली शेवटी. राहू द्या आता." आत्याबाई मान खाली घालून तूप वाढत होत्या.

वडील एकटेच परत निघाले. दाराशी त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरी, सहा महिने न शिजलेली डाळ आज कशी शिजली वं?"

"आत्याबाईनं शिकवलं," मी म्हटलं. एवढं सरळ खोटं मी वडिलांशी कधी बोलले नव्हते. ते खुशीत गेले, आणि मी चौकट धरून उभी राहिले, कारण बोलताना माझी मानही आत्याबाईंसारखीच खाली गेली होती.