जास्तीच्या चौदा गोळ्या

२२ ऑगस्ट २००७, बुधवार. हातातले काम नेहमीचेच : महिन्याने परत आलेल्या बाटल्यांतल्या गोळ्या मोजणे. स्टीलच्या ताटलीत बाटली उपडी करायची, चमच्याच्या दांड्याने दोन दोन गोळ्या कडेला सारायच्या आणि आकडा कार्डावर उतरवायचा. खिडकीतून येणारा उजेड त्या दिवशी ताकासारखा पातळ होता, पाऊस थांबून थांबून पडत होता, आणि रांगेतल्या माणसांच्या ओल्या कपड्यांचा, फिनेलचा आणि कुणीतरी फडक्यात बांधून आणलेल्या नागलीच्या भाकरीचा मिळून एक जड वास खोलीत भरून राहिला होता. जिवलीच्या बाटलीतून अठरा गोळ्या निघाल्या. निघायला हव्या होत्या चार.

नाशिकच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक होते, तिथे एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळू लागून तेव्हा फार काळ लोटला नव्हता. सकाळी एक, संध्याकाळी एक, मध्ये बारा तास, आणि एकही चुकवायची नाही. अधूनमधून घेतल्या तर आजार त्या गोळीला सरावतो, मग ती गोळी खाल्ली काय आणि न खाल्ली काय सारखेच. आणि तिच्यानंतर देण्याजोगी दुसरी गोळी तेव्हा आमच्या कपाटात नव्हती. म्हणून मोजणी. माणसांच्या बोलण्यावर विसंबण्याची सवय मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच सोडावी लागली होती. नव्वदच्या दशकात आमच्याकडे येणारा प्रत्येक जण खोटे नाव आणि खोटा पत्ता सांगायचा, आणि तो तसे का सांगतो हे ठाऊक असल्यामुळे मी रागवायचेही नाही. पण विश्वास मात्र ठेवायचे नाही. घरीही दूधवाला मापात मारतो असे धरूनच मी पातेले पुढे करीत असे.

जिवली पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, कोकणा समाजाची, पंचविशीतली विधवा. नवरा निफाडकडे द्राक्षाच्या बागांत छाटणीला जायचा. दोन हजार तीन साली तो गेला. घरी ती आणि तिचा सासरा, सोमाबाबा. सोमाबाबा त्या पाड्याचा भगत, म्हणजे देव अंगात घेणारा, तांदळाचे दाणे टाकून दुखण्याचे कारण सांगणारा. हे मला पहिल्याच दिवशी कळले होते आणि त्याच दिवशी मी ते कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते.

फेब्रुवारीत गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळाभर हिशोब चोख होता. जुलैत दहा गोळ्या जास्तीच्या उरल्या, ऑगस्टमध्ये चौदा. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. विसरणारा माणूस एखादी सकाळ विसरतो, एखादी संध्याकाळ. त्याच्या उरलेल्या गोळ्या कधी सम असतात, कधी विषम. इथे दोन्ही महिने सम. म्हणजे ही विसरत नव्हती, अख्खे अख्खे दिवस औषध बंद ठेवत होती. पाच दिवस, मग सात दिवस. देव अंगात आणायचे दिवस, धुपाचे, उपासाचे दिवस. माझ्या डोळ्यांपुढे तो म्हातारा उभाच राहिला.

“गोळ्या घेतल्यास ना?” मी विचारले.

“घेतल्या ना, बाई. तुमी सांगलं तशाच.”

“मग या उरल्या कशा?”

तिने ताटलीकडे पाहिले. “उरल्या.”

“सासऱ्याने बंद करायला सांगितल्या?”

“नाय.” पदराचे टोक बोटाला गुंडाळायचे, सोडायचे. खोटे बोलणारी माणसे असेच करतात, हे मी अकरा वर्षे पाहत आले होते.

उरलेल्या अठरा गोळ्यांची बाटली घेऊन ती गेल्यावर मी कार्डावर लिहिले : ‘सासरा भगत. त्याच्या सांगण्यावरून औषध बंद ठेवते.’ खाली सही केली. डॉक्टरांनी ते वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “असं असेल तर गोळ्या पुढे द्यायच्या की थांबवायच्या, ते शुक्रवारी ठरवू.” थांबवल्या तर ती किती दिवस काढील, हे त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. तिच्या नवऱ्याला जायला किती दिवस लागले होते, ते कार्डाच्या मागच्या बाजूला होतेच.

गुरुवारी मी जिवलीच्या पाड्याकडे निघाले. दयेने नव्हे, शुक्रवारी बोलायला डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी हवे होते म्हणून. घाट चढताना ढग जीपच्या आत शिरत होते. पेठपासून दुसऱ्या जीपने फाट्यापर्यंत आणि तिथून पुढे पायी, दोन्ही बाजूंना आवणीनंतरचा कोवळा भात, उतारांवर नागली, बांधाबांधांवर तेरडा फुललेला, आणि सगळ्यावर ओल्या शेणाचा आणि चुलीच्या धुराचा असा वास, की भूक लागावी आणि त्याच वेळी छातीत थोडे दडपावे. वाटेत एक ओढा. त्याच्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत होते. साडी वर खोचून मी गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले.

पाड्यावर शिरताना इरले पांघरून उभ्या असलेल्या एका म्हातारीने हटकले. “कोणाकडं चालल्या, बाई?”

“मलेरियाचं बघायला,” मी म्हणाले. जिवलीचा आजार तिथे कोणाला कळता कामा नये, म्हणून हे सोंग.

“म्हंजी रक्त काढाल. आमच्याकडं नका येऊ, आमच्यात आता उरलं नाय,” म्हातारी म्हणाली आणि बोळके उघडून हसली, पण मी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिची नजर माझ्या पिशवीवर होती.

सोमाबाबा ओट्यावर बसून दोर वळत होता. मी कोण हे त्याने विचारले नाही, त्याला माहीत होते. “बस,” म्हणाला, आणि आत वळून, “जिवले, बाईला कोंबडी घाल.”

“नको. मी खात नाही,” मी म्हणाले. खाते, पण चौकशीला गेल्यावर कोणाच्या घरचे खायचे नाही हा माझा नियम.

“भगताच्या घरची नाय खात, असं म्हण,” तो म्हणाला. हात थांबले नाहीत.

डोळे अंधाराला सरावले तसे मला आतले दिसू लागले. कारवीच्या कुडाची भिंत, कणगी, कोपऱ्यात शेंदूर लावलेले देव, त्यांच्यापुढे तांदळाचे सूप, आणि देवांच्या वर टांगलेल्या शिंक्यात, मोरपिसांच्या जुडीशेजारी, आमच्या दवाखान्याची पांढरी बाटली. मला हवे होते ते मिळाले. मनातल्या मनात मी कार्डावरच्या वाक्याखाली रेघ ओढली.

“बाटली तिथं कोणी ठेवली?”

“मी. मंग कुठं ठेवायची? कणगीत कोणीबी हात घालतं, पेटीत शेजारीण डोकावते. देवाजवळ नाय घालत कोणी हात.” त्याने दोराला पीळ दिला. “तुला वाटलं मी बंद केल्या.”

मी बाटलीवरची नजर काढून त्याच्या हातांकडे पाहिले.

“माझ्या पोराला मी नाशकाला नेलं होतं. पाठीवर नेलं, फाट्यापर्यंत. तुमी त्याचं रक्त घेतलं, दोनदा घेतलं, आणि कागद दिला. गोळी नाय दिली.”

“तेव्हा गोळ्या आल्या नव्हत्या, बाबा.”

“हां. मी दाणे टाकून सांगलं तर लबाडी, तुमी कागदावर सांगलं तर डाक्टरकी. पोरगा दोघांच्या हातून गेला.” हे त्याने आवाज न चढवता सांगितले, दोराची लांबी सांगावी तसे. “ही गोळी मला पटत नाय. तूबी पटत नाय. पण पोरीचं वजन वाढलं, ते मी उचलून बघितलं.”

मी घड्याळ पाहिले. संध्याकाळच्या गोळीची वेळ साडेसात. म्हाताऱ्याचे बोलणे ऐकायला बरे होते, पण भगताचे पोट बोलण्यावरच चालते. मी ठरवले, काही सुचवायचे नाही; नुसते बसून पाहायचे.

पाऊस वाढला. डोंगर आधी निळा झाला, मग राखाडी, मग नुसताच आवाज उरला. जिवलीने कोंबड्या गोळा केल्या, एकेक पकडून डालग्याखाली घातली, डालग्यावर दगड ठेवला आणि हात धुतले. मग शिंक्यातली बाटली काढली, तांब्या भरून घेतला आणि दोन्ही पुढ्यात ठेवून ओट्याच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून बसली. साडेसात झाले. पावणेआठ झाले. ती हलली नाही. ओढ्याचा आवाज आता पाड्यापर्यंत येत होता. आठ वाजता ती उठली, बाटली पुन्हा शिंक्यात ठेवली आणि तांब्यातले पाणी तुळशीत ओतले.

माझ्याने राहवले नाही. “गोळी?”

“गाडी नाय आली ना, बाई.”

“कोणती गाडी?”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मीच तिची परीक्षा घेते आहे. “मुक्कामाची.”

आणि मग मला फेब्रुवारी आठवला. ऊन कोवळे होते, खोलीत गर्दी नव्हती, आणि मी खुशीत होते. घड्याळ नाही म्हणाली तेव्हा मी टेबलावर हात आपटून म्हटले होते, घड्याळ लागतेच कशाला. तुमच्या पाड्यावर मुक्कामाची एसटी येते ना, ती संध्याकाळी साडेसातला आली की एक, सकाळी साडेसातला निघाली की एक. वेळापत्रक मी स्वतः विचारून घेतले होते. त्यापुढे आणखी एक वाक्य जोडले होते, जे मी सगळ्यांनाच जोडते : आपल्या मनाने काही करायचे नाही, मी सांगितले तेवढेच. पावसाळ्यात ओढा फरशीवर चढला की गाडी फाट्यावरूनच मागे फिरते, हे वेळापत्रकात नव्हते. संध्याकाळी जी गाडी आलीच नाही ती सकाळी निघणार कुठून? एक गाडी, दोन गोळ्या. न आलेल्या पाच गाड्या जुलैत, सात ऑगस्टमध्ये.

“मग तू मला तिथं सांगितलं का नाहीस?”

“तुमी विचारलं, बाबानं बंद केल्या का. बाबानं नाय केल्या.” मग तांब्या पालथा घालत, “तुमी सांगलं तशाच घेतल्या, असंबी सांगलं मी.”

खरेच, सांगितले होते. मीच ते लिहून घेतले नव्हते.

मी तिला बाटली खाली काढायला लावली. आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. चाळीस मिनिटांनी काही बिघडत नाही. ती बिचकली, सासऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि गोळी घेतली. मी तिला तोंड उघडून दाखवायला सांगितले. सवय.

“आता वेळेचं काय करायचं?” मी म्हटले. माझ्या डोक्यात आकाशवाणी, शाळेची घंटा, मनगटी घड्याळ, सगळे येऊन गेले. इथे रेडिओ नव्हता, शाळेला सुट्ट्या असतात, आणि घड्याळाचा सेल संपतो.

सोमाबाबाने दोर गुंडाळून खुंटीला टांगला. “गाडी सरकारची,” तो म्हणाला. “कोंबड्या तिच्या. सांजेला डालते, पहाटे सोडते. पाऊस असो, नसो. डाललं की एक, सोडलं की एक. एवढं तुला नाशकात सुचलं नाय व्हय?”

“नाही सुचलं.”

“तुमच्याकडं कोंबड्या दुकानात राहत्यात,” तो म्हणाला, आणि त्या सबंध संध्याकाळीत पहिल्यांदा हसला. हसणे माझ्या बाजूने होते की माझ्यावर, हे मी ठरवू शकले नाही. मनात मी बारा तासांचा हिशोब करून पाहिला : सांज आणि पहाट थोडी मागेपुढे होईल, हिवाळ्यात आणखी थोडी. चालेल. तरी मी बाटलीतल्या गोळ्या मोजूनच घेतल्या. त्याने ते पाहिले. मी पाहिले की त्याने पाहिले. जिवलीने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी पुढे केली, ती मी खाल्ली.

झोपताना अंगावर घेतलेल्या गोधडीला धुराचा आणि कडुनिंबाचा वास येत होता. शेजारी डालग्याखाली कोंबड्या मधूनच हलत होत्या, कुरकुरत होत्या. फेब्रुवारीतली ती युक्ती मला तेव्हा इतकी आवडली होती, की पुढे एका प्रशिक्षणात मी ती उभी राहून सांगितली होती. खेड्यातल्या माणसाला त्याच्या रोजच्या गोष्टीशी औषध कसे बांधून द्यावे, याचा नमुना म्हणून. लोकांनी माना डोलावल्या होत्या. आणि मी काही ती एकट्या जिवलीलाच सांगून थांबले नव्हते. हा विचार आला तेव्हा पाऊस जवळजवळ थांबला होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहाटे जिवलीने डालगे उचलले, कोंबड्या अंगणभर पांगल्या, आणि तिने उभ्याउभ्या गोळी घेतली. तोंड उघडायला मी सांगितले नाही. ओढा उतरला होता. मी फाट्यापर्यंत चालत गेले, जीप धरली, अकराच्या आत खोलीत पोचले. कार्डावरची ओळ खोडली, खोडलेली दिसेल अशी, आणि शेजारी लिहिले : ‘चूक समुपदेशकाची’. कार्ड डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. ते वाचून त्यांनी जिवलीच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्यांवर सही केली. मग मी कपाट उघडले आणि पेठ-सुरगाण्याकडची सगळी कार्डे बाहेर काढली. पहिल्या कार्डावर जुलैत जास्तीच्या उरलेल्या गोळ्यांचा आकडा पाहिला. सहा. दुसऱ्यावर आठ.