सिस्टरकडचं नाताळचं जेवण

ही गोष्ट आजवर दोन-चार जणांना सांगितली, आणि दर वेळी तिच्यात सासूबाईंना ओढलं. सासूबाई जुन्या वळणाच्या, त्यांना चालायचं नाही, मग मी काय करणार, असं म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या असत्या तर त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं असतं, कारण सिस्टरच्या घरी नाताळला मी जेवले नाही यात त्यांचा काडीचाही हात नव्हता.

पंचाहत्तर सालच्या आगेमागे आम्ही एकलहऱ्याला वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. यजमान केंद्रात नोकरीला, मी कॉलनीतल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि सासूबाई आमच्याजवळच असत. आमच्या समोरच्या दारात दवाखान्यातल्या नर्सबाई राहायच्या. त्यांना सगळी कॉलनी सिस्टर म्हणे, मीही तेच म्हणत असे. घरात त्या, त्यांचा नवरा आणि म्हातारे सासरे. सासऱ्यांना सगळे पप्पा म्हणत. मंडळी मूळची नगरकडची, ख्रिस्ती. दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती होण्याआधी ती गावाच्या कुठल्या टोकाला राहत होती, हे कॉलनीत प्रत्येकाला माहीत होतं. तोंडाने मात्र कोणी बोलत नसे. आम्ही सुशिक्षित होतो ना.

त्या पावसाळ्यात माझ्या मुलीला न्यूमोनिया झाला. सहा वर्षांची पोर, छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायची. डॉक्टरांनी दिवसातून दोन इंजेक्शनं लिहून दिली. सिस्टर ड्यूटीवर जाताना एक द्यायच्या आणि परत आल्यावर, स्वतःच्या घरात पाऊल टाकण्याआधी, दुसरं. असे दहा दिवस. सुई टोचताना त्या तिला पप्पांच्या कोंबडीची गोष्ट सांगत. ती गोष्ट रोज थोडी पुढे सरकायची, त्यामुळे पोरगी इंजेक्शनची वाट बघायला लागली. अकराव्या दिवशी ती उठून बसली आणि तिने वरण-भात मागितला. मी सिस्टरचे हात हातात घेऊन रडले. ते रडणं खरं होतं, एवढं तरी माझ्याबद्दल सांगून ठेवते.

डिसेंबर लागला तशी सिस्टरनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, यंदा नाताळला तुम्ही मायलेकींनी माझ्याकडे जेवायला यायचं, आणि काय करायचं ते तुम्हीच सांगायचं. त्यांच्याकडे त्या दिवशी दुपारी कोंबडी असायची. पण मला बाजूला एका वाटीत भाजी वाढून बाकीच्यांनी कोंबडी खायची, हे त्यांना पटत नव्हतं. टेबलावर कोंबडी ठेवायची त्या जागी ठेवता येईल आणि घरातल्या सगळ्यांना पुरेल, असं शाकाहारी काहीतरी हवं होतं. कोंबडी ते संध्याकाळी खाणार होते.

मग पंधरा दिवस आमची खलबतं चालली. भरली वांगी मी सुचवली, ती पप्पांनी नापास केली. वांगं काय रोजच असतं, सणाला कशाला, असं त्यांचं म्हणणं. मटारची उसळ सिस्टरना फार साधी वाटली. मसालेभात म्हणजे शेवटी भातच. कोफ्त्यांचा विचार झाला, पण ते रश्शात विरघळले तर काय, म्हणून दोघींनी तो सोडून दिला. शेवटी मीच म्हटलं, फ्लॉवरचा अख्खा गड्डा शिजवा. गड्डा तसाच ठेवून मिठाच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे अळ्या असतील तर निघतात. मग अर्धवट वाफवायचा, वरून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण ओतायचं आणि झाकण घालून मंद आचेवर मुरू द्यायचा. लवंगा किती, धणे किती, सगळं मी सांगितलं आणि सिस्टरनी दवाखान्यातल्या कागदावर लिहून घेतलं. शिंदे गावाकडून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या भाजीवालीला आम्ही दोघींनी मिळून गड्डा सांगून ठेवला. ती म्हणाली, "लय घट्ट गड्डा आणते बाई, दगडावानी." आणि तसाच आणला.

मला हे सगळं करताना मजा येत होती. मी तिथे जेवणार नाही असं त्या पंधरा दिवसांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. उलट सिस्टर एकदा हळूच म्हणाल्या, की कढई नवी आणलीय, तिच्यात आजवर काही शिजलेलं नाही, तेव्हा मी त्यांना वर दटावलं, की असलं काही मनात आणायचं नाही. रोज सकाळी शाळेत मी मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेत होते. माझ्या दृष्टीने तो प्रश्न सुटलेला होता.

नाताळ गुरुवारी आला. मी आणि मुलगी दुपारी बारा वाजता समोर गेलो. यजमान अशा प्रसंगी नेहमीच कामावर असत. टेबलावर धुवट पांढरी चादर अंथरली होती आणि दारात कागदी चांदणी टांगली होती. सिस्टरनी दोन्ही हातांनी कढई आणून मधोमध ठेवली आणि झाकण काढलं. फ्लॉवर सुरेख झाला होता. अख्खा, कुठेही न मोडलेला, वर कोथिंबीर. पप्पांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली. मग आज आपण वाढणार असं म्हणून त्यांनी डाव हातात घेतला, एक मोठा तुरा तोडला आणि तो डावावरून घसरू नये म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटांनी धरून माझ्या ताटात ठेवला.

त्यांची बोटं जाड होती, नखं काळवंडलेली. आयुष्यभर कातड्याचं काम केलेली बोटं. मी त्या तुऱ्याकडे बघत राहिले आणि माझा हात ताटाकडे जाईना. त्याला धर्म म्हणू नका, धर्माचं मला कधी फारसं काही नव्हतं. ती जात होती, आणि ती माझ्या डोक्यात नसून घशात बसली होती.

"पप्पा, माझा आज उपवास आहे," मी म्हटलं. "मार्गशीर्षातला गुरुवार. बोलायच्या नादात विसरूनच गेले."

सकाळी मी दोनदा पोहे घेऊन खाल्ले होते.

सिस्टरनी कपाळावर हात मारला. त्या मला नाही, स्वतःला बोलल्या. आपल्याला कळायला हवं होतं, वार तरी बघायला हवा होता, असं चार वेळा म्हणाल्या. मग संध्याकाळी उपवास सोडायला या, असा आग्रह केला. संध्याकाळी नैवेद्य दाखवून घरीच सोडावा लागतो, असं मी सांगितलं. एकदा सुरुवात केली की पुढचं आपोआप सुचतं. लहान मुलांना उपवास नसतो, त्यामुळे मुलीला मी अडवू शकले नाही. तिने तो तुरा माझ्या ताटातून उचलला, मिटक्या मारत खाल्ला आणि आणखी मागितला.

घरी येऊन मी वरण-भात गरम करायला लागले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. तिकडे जेवली नाहीस का, असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला आवडलं नसतं म्हणून नाही जेवले.

"मला कशाला मध्ये घालतेस गं?" त्या म्हणाल्या. "ज्या बाईनं पोर उठवून बसवली, तिच्या घरी चार घास खाल्ले असतेस तर मी काय तुला दाराबाहेर बसवणार होते? तुझं तू बघ."

मी उभ्या उभ्या भात खाल्ला.

त्यानंतरचं वर्ष आमची मैत्री पहिल्यासारखीच चालली. दिवाळीचा फराळ माझ्याकडून तिकडे गेला. नाताळच्या करंज्यांचं ताट तिकडून माझ्याकडे आलं होतं, ते मी भांडीवालीला देऊन टाकलं, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. नोव्हेंबर संपता संपता त्या घरी आल्या. दवाखान्यातल्या दिनदर्शिकेत त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं, यंदा नाताळ शनिवारी होता. तुमचा शनिवार असतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असतो कधीकधी. मला ‘नसतो’ असं सरळ सांगता आलं असतं. पण तसं सांगितलं असतं तर जेवावं लागलं असतं, आणि ठामपणे ‘असतो’ म्हणायला मन धजेना. सिस्टर मात्र खूश झाल्या. मग झालं तर, म्हणाल्या, यंदा चुकायचं नाही.

त्या दिवशी मी गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून मुलीला पेढ्यांचा डबा देऊन एकटीला समोर पाठवलं, दार लोटून घेतलं आणि पाटावर बसून पोळी-भाजी जेवायला लागले. तासाभराने मुलगी परत आली. चेहरा फुललेला.

"आई, आज त्यांच्याकडे सगळ्यांचा उपवास होता," ती म्हणाली. "भगर, दाण्याची आमटी आणि रताळ्याच्या गोड चकत्या. पप्पांना भगर नाही आवडली, पण त्यांनी सगळी खाल्ली."

मी विचारलं, कोंबडी नव्हती? ती म्हणाली, नाही, संध्याकाळी पण नाही. शनिवार पाळायचा तर दिवसभर पाळायचा, असं सिस्टरनी सांगितलंय. भगर कशी शिजवायची, उपवासाला कुठलं मीठ चालतं, हे त्या दवाखान्यातल्या आयाबाईंकडून आठवडाभर शिकत होत्या, हे मला पुढे त्या आयाबाईंनीच सांगितलं.

मुलगी चप्पल काढत होती. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाल्या का सिस्टर?

"आई काय करतेय, म्हणून विचारलं," ती म्हणाली. "मी सांगितलं, जेवतेय. पोळी-भाजी."

मी तिला रागावले नाही. कशासाठी रागावणार होते? पोर खरं बोलली होती. पण त्या संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की मी दाराची कडी लावलीय का ते बघत होते.

सिस्टर त्यावर कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी माफी तरी मागितली असती. त्या तशाच हसायच्या, सासूबाईंचा रक्तदाब बघायला तशाच यायच्या. चहा घेता का विचारलं की आत्ताच झाला म्हणायच्या. आधी असं म्हणत नसत. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

तिसऱ्या वर्षी मी मनाशी घट्ट ठरवलं. आता जेवायचंच, पप्पांच्या हातून वाढून घेऊन जेवायचं. डिसेंबरात मीच समोर गेले आणि म्हटलं, सिस्टर, यंदा मी येणार आहे हं. या ना, नक्की या, त्या म्हणाल्या. काय करायचं ते मात्र त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, दोन वर्षांच्या अनुभवाने त्यांचं त्यांनीच ठरवलं असेल. नाताळच्या दिवशी मी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, निमित्तच उरू नये म्हणून.

दुपारी मुलीला घेऊन मी समोर गेले. दार उघडलं तेव्हा कोंबडीच्या रश्शाचा वास सगळ्या घरात भरला होता. टेबलाभोवती घरची मंडळी आणि नगरहून आलेले दोन पाहुणे जेवत होते. पप्पा तृप्त दिसत होते. त्यांनी मला हात केला. टेबलावर कोंबडी होती, भात होता, भाकरी होत्या. माझ्यासाठी सिस्टरनी खिडकीपाशी खुर्ची मांडली, समोर स्टूल ठेवलं आणि आतून एक कोरं करकरीत स्टीलचं ताट आणलं. त्यावर सालासकट केळी होती, अख्खी संत्री होती आणि बिस्किटांचा एक न फोडलेला पुडा होता.

"हे चालेल ना, बाई?" त्या म्हणाल्या. "कापलेलं काही नाही. आम्ही कुणी हात लावलेला नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधला, मनापासून शोधला, कारण तो सापडला असता तर मला रडता आलं असतं. कुठलं औषध कुणाला सोसत नाही हे त्या दवाखान्यात ज्या आवाजात विचारायच्या, तोच हा आवाज होता. त्यांना माझ्याबद्दल कळायचं होतं ते कळलं होतं, आणि त्याप्रमाणे त्यांनी माझी सोय केली होती.

मला म्हणायचं होतं, सिस्टर, भात वाढा मला. नुसता भात आणि मीठ वाढा, मी तुमच्याशेजारी बसून खाते. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण पाहुणे बघत होते, ताट माझ्यासमोर आलं होतं, आणि आता भात मागितला तर मागची दोन वर्षं सगळ्यांसमोर उघडी पडणार होती. त्यांना ती आधीच माहीत आहेत हे मला कळत होतं, तरीही मी गप्प बसले. पुढे वर्षभरात सिस्टरची बदली झाली, आम्ही इंदिरानगरात घर घेतलं, पत्र पाठवीन म्हणून मी त्यांचा पत्ता घेतला आणि एकही पत्र पाठवलं नाही. ते वाक्य म्हणायची तेवढी एकच दुपार मला मिळाली होती.

मी एक केळं खाल्लं. एक संत्रं सोललं आणि फोडी सावकाश, एकेक करून खाल्ल्या, म्हणजे वर बघावं लागू नये. माझी उष्टी सालं आणि बिया ताटात पडल्या होत्या. मी ताट घेऊन उठायला लागले, तर सिस्टरनी मला बसवलं, ती सालं स्वतःच्या हाताने गोळा केली आणि बादलीत टाकून आल्या. हात धुतला नाही, तसाच माझ्या मुलीच्या डोक्यावरून फिरवला. पुढच्या वर्षी पेरूही आणून ठेवीन, म्हणाल्या.

मी बरं म्हटलं.