कॅनडा की जपान

हरभरे भाजल्याचा वास आला, की पुंडलिकनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ आठवते. भूकंपात टिकणाऱ्या इमारती कशा बांधतात ते शिकायला मला जपानला जायचं होतं. बाबांचा ओढा मात्र कॅनडाकडे, कारण मामा तिथं राहतो. "जपानात आपलं कोण हाय?" त्यांनी विचारलं. कढईतले हरभरे हलवत आई म्हणाली, "लग्न होऊन मी लासूरहून आले, तेव्हा माझं कोण होतं इथं?" "मी होतो की!" बाबा म्हणाले. "तुमच्याशी तर महिनाभर बोलायलाबी भ्यायचे मी." बाबा खो खो हसले आणि मला म्हणाले, "जा बाई, जपानलाच जा." आता इथं जपानात आमच्या वर्गात कुणी नवीन, एकटं बसलेलं दिसलं, की मीच आधी जाऊन बोलते.