माझ्या घरापुढे उभा केलेला मुलगा

बारामतीच्या एका फोटोवाल्याने मला फसवले. लासुर्ण्याचे माझे घर त्याने मला न विचारता विकायला काढले, तेही घर जागचे न हलवता.

वास्तुशांतीचे फोटो काढायचे काम त्यालाच दिले होते. मी जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीवर वर आलेला माणूस, घासाघीस केल्याशिवाय मला चैन पडत नाही. नुसत्या घराचा एक मोठा फोटो फुकट दे, म्हणालो. तो लगेच हो म्हणाला. पाहुण्यांना बाजूला करून, ऊन बघून, त्याने तो मन लावून काढला. ट्रॅक्टरच्या सौद्यात कुणी इतक्या लवकर हो म्हटले असते, तर मी आधी इंजिन उघडून बघितले असते.

यंदा मुलीसाठी कन्हेरीचे स्थळ आले. मध्यस्थाने मोबाइलवर मुलाचा फोटो दाखवला. मुलीलाही पसंत पडला. मी मात्र मुलाच्या मागे बघत होतो. मागे माझे घर होते. इंदापुरातून पारखून आणलेले फाटक, जिन्याची गुलाबी फरशी, सगळे. मुलाच्या कानाभोवती तेवढी हिरवट कड राहिली होती.

तिथूनच मुलाच्या वडिलांना फोन लावला आणि लबाडापासून चोरापर्यंत सगळे बोललो. त्यांनी ऐकून घेतले.

"पाव्हणं, आमचं पत्र्याचं घर हाय, ते आमी मध्यस्थाला पहिल्यांदाच सांगितलंय. पोराला हिरव्या पडद्यापुढं उभं केलं. मागं काय घातलं ते फोटोवाल्याला इचारा. तुमची सोयरीक आमाला नको."

मध्यस्थ खाली बघत होता. त्यांनी खरेच सांगितले होते.

मी तडक बारामती गाठली. हिरवा पडदा भिंतीवर होताच. त्यापुढे माणूस उभा करायचा, कॉम्प्युटरवर हिरवे पुसायचे आणि मागे माझे घर चिकटवायचे, हा त्याचा धंदा. त्याला लाजही नव्हती.

"आबा, तुमचं घर लई चालतंय. स्थळाच्या फोटोला लोक तेच मागत्यात." वर म्हणाला, मुलीच्या लग्नाचा अल्बम फुकट करतो.

कुठल्या लग्नाचा? मुलगी माझ्याशी बोलत नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडाने मोडले. तोंड माझेच आहे, पण त्या मुलाच्या मागे माझे घर मी चिकटवले नव्हते. ज्याने चिकटवले, त्याने कन्हेरीला त्या बापापुढे आणि लासुर्ण्याला माझ्या मुलीपुढे उभे राहून जाब दिलाच पाहिजे.