सरांचा लकवा

आमच्या सरांचा लकवा फार सुरेख असायचा. परभणीत त्यांचं मेंदूविकारांचं हॉस्पिटल, आणि मी तिथे सिस्टर. नव्या मुली कामाला लागल्या की दुपारी ओपीडी आटोपून सर त्यांच्यासमोर स्वतःच पेशंट होऊन दाखवायचे. मेंदूतली कोणती रक्तवाहिनी बंद पडली, ते आम्ही ओळखायचं. बरोबर आलं की टाळ्या.

उजवा हात लुळा, तोंड वाकडं, शब्द फुटत नाहीत, म्हणजे डाव्या बाजूच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला. एका बाजूचे हातपाय गेले पण बोलणं-समजणं शाबूत, तर आत खोलवरची एखादी बारीक नळी. सर ही सोंगं इतकी रंगवायचे की एकदा पिंगळीची एक म्हातारी त्यांनाच सावरायला धावली. "लेकरा, तुलाबी झाला का रे?" म्हणाली. सर पोट धरून हसले.

त्यांचा सगळा जीव मात्र मेंदूच्या मागच्या रक्तवाहिनीत. ती बंद पडली तर कित्येकदा तोंड सरळ, हातात ताकद. नुसती चक्कर, उलटी, एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं. घरचे म्हणतात पित्त झालं, गाव म्हणतं पिऊन आलाय. "तोंड वाकडं न्हाई म्हणून कुणाला घरी धाडलं, तर माझ्याशी गाठ हाय," ही सरांची रोजची धमकी.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी सर झोकांड्या खात खोलीत आले. टेबल घट्ट धरलं. "समद्या जणी दोन-दोन दिसायल्यात," म्हणाले. जीभ जड. आम्ही एका सुरात ओरडलो, "मागची!" आणि टाळ्यांचा कडकडाट केला.

"बरोबर," सर म्हणाले, "पण आज सोंग न्हाई." आणि खाली बसले.

आत्ताच आमच्याबरोबर हसतखेळत जेवले होते, म्हणजे इंजेक्शनची वेळ अजून हातात होती. स्ट्रेचर, स्कॅन, मग धाकट्या डॉक्टरांनी दिलेलं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. मी रडत पळत होते, आणि सर स्ट्रेचरवरून नव्या मुलींना सांगत होते, "नीट बघून घ्या गं, असा पेशंट पुन्हा मिळायचा न्हाई." सर वाचले. देव पावला, दुसरं काय म्हणू?

लेकीकडे कायमचं राहायला जाण्याआधी ते एकदा आले. "आज धडधाकट माणूस दाखवतो," म्हणाले आणि भिंतीचा आधार सोडून चालू लागले. सुरुवात झकास झाली. मग झोक गेला, मी दंड धरला.

सर रागावले, "टाळ्या वाजवा की! ओळखू आला न्हाई का?"

आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.