४७ के, १० के आणि कांताबाई

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. चिकलठाण्यातल्या एका छोट्या कारखान्यात मी नुकताच ट्रेनी म्हणून लागलो होतो, डिप्लोमाची हवा डोक्यात घेऊन... पहिलंच काम मिळालं इंटरकॉमच्या अॅम्प्लिफायरचं.

ट्रान्झिस्टरला बायस द्यायला, म्हणजे त्याला काम करायच्या स्थितीत आणायला, मी एकच रेझिस्टर लावला. पुस्तकातला गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा, धरून रेझिस्टरची किंमत अगदी दशांशापर्यंत काढली होती. पहिला बोर्ड मस्त वाजला आणि मी सगळ्यांना चहा पाजला.

मग दहा बोर्ड झाले... त्यातल्या सहांचा आवाज फाटका. शुक्रवारपर्यंत दहाही चालले नाहीत तर सोमवारपासून येऊ नका, असं मोठ्या साहेबांनी शांतपणे सांगितलं. माझी पाचावर धारण बसली.

मी ते सहा ट्रान्झिस्टर काढून टाकले आणि डब्यातून चांगले निवडत बसलो. समोर सोल्डरिंगला कांताबाई होत्या, बिडकीनहून एसटीने यायच्या. शिक्षण सातवी, पण गावातले रेडिओ आणि नामांतराच्या सभांचा माईकसेट त्याच दुरुस्त करायच्या, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

“साहेब, नंबर एकच हाय, पण गुण सारखा नाय,” त्या म्हणाल्या. “असं निवडून निवडून किती जणाला बाहेर काढताल? जागाच अशी करा, कुणीबी बसलं तरी आवाज नीट निघंल.”

आणि त्यांनी रेझिस्टर मांडून दाखवले. ट्रान्झिस्टरच्या बेस या पायाच्या वर ४७ के, म्हणजे ४७ हजार ओहम, खाली १० के, आणि एमिटर या पायाखाली १ के. “सभेच्या सेटमधी असंच हाय. लई ऊन झालं तरी आवाज फाटत नाय.”

मी कागदावर हिशेब केला... बरोबर! आता गेन थोडा कमी असो की जास्त, फारसं बिघडणार नव्हतं. आवाज बारीक होऊ नये म्हणून एमिटरला कपॅसिटर मी जोडला, तेवढंच माझं कर्तृत्व.

मी टाकलेले सहाही ट्रान्झिस्टर त्यांनी मुद्दाम परत लावले. मीटरवर दहाही बोर्डांना कलेक्टरच्या पायावर साडेसहा व्होल्टच्या आसपास, म्हणजे बारा व्होल्टच्या साधारण निम्मे, हवे तसेच, आणि आवाज खणखणीत.

ड्रॉइंगवर ‘डिझाइन’च्या चौकटीत मी त्यांचं नाव लिहिलं. मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

कांताबाईंनी त्या इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं. “हे माझं नाव व्हय?” एवढंच विचारलं.

माझी नोकरी राहिली. पण आजही ट्रान्झिस्टरला नावं ठेवण्याआधी मी आपलं सर्किट तपासतो... ही सवय कांताबाईंनी लावलेली.